कोशाच्या झाडाखाली

मैत्रिणींनो, पतंग म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे हं, मी म्हणतेय तो पंखांचा. तो आपल्याला दोनच ठिकाणी भेटतो. पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालून नेमका जेवणाच्या वेळी आमटीत पडणारा एक, आणि शालीला, स्वेटरला गुपचूप भोकं पाडणारी ती कसर, म्हणजे दुसरा. दोघांशीही आपलं वैरच. मग तुमच्या कपाटात मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली टसरची साडी ही एका पतंगाचीच कमाई आहे, असं मी सांगितलं तर?

तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय? रेशीम किड्यापासून मिळतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. खरं आहे. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पन्नाशी उलटली तरी त्यापुढचं जाणून घ्यावं असं कधी वाटलं नाही.

निमित्त झालं ते लेकीच्या लग्नाचं. माझ्या आईने मला दिलेली एक करवतकाठी साडी आहे. अंग टसरचं, पिकल्या गव्हाच्या रंगाचं, आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. आमच्या विदर्भात या साडीचा मान मोठा. आई ती हरतालिकेला, महालक्ष्म्यांना नेसायची, मग मी नेसू लागले. आता ती लेकीला द्यावी आणि जोडीला तशीच एक नवी घ्यावी, असा माझा बेत. साडी तिच्यापुढे उलगडली तर ती म्हणाली, “आई, साडी सुंदरच आहे गं. पण हिच्यासाठी किती किडे उकळत्या पाण्यात टाकले असतील?”

मला रागच आला. म्हटलं, “अगं, देवाला चालते ही! सोवळ्याची आहे.”

“म्हणूनच विचारते,” ती शांतपणे म्हणाली.

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर जे नेसून पूजा केली, ते येतं कुठून, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा ठरवलं, आधी पाहून यायचं आणि मगच लेकीशी बोलायचं. माझी मावसबहीण ब्रह्मपुरीला असते. गौरी-गणपती आटोपले, घराची घडी बसवली आणि नागपूरहून एस.टी. धरली.

उमरेड, भिवापूर, नागभीड करत गाडी ब्रह्मपुरीला पोहोचते. नागभीड मागे पडलं की सगळीकडे धानाच्या हिरव्यागार बांध्या, मध्येच एखादा तलाव आणि त्याच्या कडेला रान. ब्रह्मपुरीहून पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की आपण गडचिरोली जिल्ह्यात येतो आणि लगेच आरमोरी लागतं. नदी त्या दिवशी दोन्ही काठ भरून, मातकट होऊन वाहत होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा आपल्या महाराष्ट्रातला टसरचा मुलूख. इथे टसरला टसर म्हणत नाहीत, ‘कोसा’ म्हणतात. कोश या शब्दातूनच तो आला आहे. संस्कृतातलं ‘कौशेय’ वस्त्र तेही कोशाचंच.

बहिणीच्या ओळखीने आरमोरीजवळच्या एका खेड्यातल्या ढिवर कुटुंबाकडे गेलो. ढिवर म्हणजे मासेमारी करणारी मंडळी. पण पावसाळा लागला की यांतली पुष्कळ कुटुंबं रानात कोसा पाळतात, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. घरातल्या मावशींनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, “कोसा बगाचा असन तं सकारीच या.” सकारी म्हणजे सकाळी. सहा वाजता आम्ही रानात हजर!

रान म्हणजे येनाची झाडं. आपण पुण्या-मुंबईकडे ज्याला ऐन म्हणतो तोच इथे येन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते ना, तोच. कोशाच्या किड्याचं आवडतं खाणं म्हणजे येनाचा आणि अर्जुनाचा पाला. तुतीच्या रेशमाचा किडा घरात तबकांवर वाढवतात. हजारो वर्षं माणसाच्या हाताखाली राहून त्याच्या पतंगाला आता उडताही येत नाही. कोशाचं तसं नाही. तो रानचाच जीव. शास्त्रज्ञ त्याला अँथेरिया मायलिटा म्हणतात. तो उघड्यावर, झाडावरच वाढतो. माणसाने फक्त राखण करायची.

मी झाडाखाली उभी राहून वर पाहत होते. पानं, पानं आणि पानंच. “मावशी, कुठाय किडा?” त्या हसल्या. त्यांनी एक फांदी हलकेच खाली ओढली आणि बोट दाखवलं. अहो, माझ्या नाकासमोर तो होता! माझ्या करंगळीपेक्षा लांब, अंगठ्याहून जाड, पानासारखा हिरवागार. अंगावर विरळ केस आणि कुशीवर चांदीच्या टिकल्यांसारखे चमचमते ठिपके. फांदीला उलटा लटकून पान कडेने कुरतडत होता. कान दिला तर त्या अख्ख्या झाडातून बारीक करकर ऐकू येत होती, पेपर चुरगाळावा तशी.

अंड्यातून बाहेर येतो तेव्हा हा किडा मुंगीएवढा आणि पिवळसर तपकिरी असतो. अंडी फुटायच्या बेताला आली की पानांच्या द्रोणात घालून ते द्रोण झाडाला बांधतात. आपण प्रसादाला करतो ना, तस्सेच द्रोण. मग किडे आपापले पाल्यावर चढतात. पावसाळ्यात महिना-सव्वा महिना नुसतं खाणं. थंडीतल्या पिकाला याहून जास्त दिवस लागतात. या मुदतीत किडा चार वेळा कात टाकतो. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडून निश्चल बसतो. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही, असा कडक नियम. शेवटी त्याची लांबी बारा-तेरा सेंटिमीटरपर्यंत जाते.

एका झाडाचा पाला संपला की किड्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर ठेवायची. तीही सकाळी नाही तर संध्याकाळी, ऊन नसताना. आणि राखण? ती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. कावळे आणि इतर पाखरं टपलेली असतात. मुंग्या, गांधीलमाश्या, सोंडेने किड्याचा रस शोषणारे ढेकूण, शिवाय उझी नावाची एक माशी किड्याच्या अंगावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खातात. मावशींचा मुलगा गुलेल घेऊन झाडांमधून फिरत होता. मध्येच हाकाटी करायचा. मला आधी वाटलं, पाखरांसाठीच. पण मावशी म्हणाल्या, “वाघासाटीबी.” या पट्ट्यात वाघांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. महिना-सव्वा महिना रोज त्या रानात बसायचं म्हणजे काय, याचा विचार मी साडीवरून हात फिरवताना कधी केला नव्हता.

एका झाडावर कोसे तयार झाले होते. लहानशा अंड्याएवढे, राखाडी पिवळे, आणि प्रत्येकाला एक देठ. हा देठच गमतीचा. किडा आधी दोन-तीन पानं जुळवून आडोसा करतो. मग तोंडातल्या धाग्याने डहाळीभोवती एक कडं विणतो, त्याला देठ जोडतो आणि मगच कोश विणायला बसतो. वाऱ्यापावसात फांदी कितीही हलली तरी कोसा पडत नाही. चारपाच दिवस हे विणकाम चालतं. आत राहूनच तो भिंत लिंपून घट्ट करतो. मी एक कोसा दाबून पाहिला. सुपारी दाबावी तसं वाटलं!

आणि आता तो पतंग. तो पाहायला संध्याकाळी आम्ही बीजगृहात गेलो. पुढच्या पिकाची अंडी मिळवण्यासाठी निवडक कोसे बाजूला काढतात, त्यांना बियाण्याचे कोसे म्हणतात. त्यांच्या माळा करून खोलीभर टांगल्या होत्या. लग्नघरात झेंडूच्या माळा असाव्यात तशा. दिवेलागणीची वेळ झाली आणि मावशी म्हणाल्या, “आता बगा.”

एका कोशाचं देठाकडचं टोक ओलं दिसू लागलं. आतला पतंग तोंडातून एक पाझर सोडतो, त्याने तिथला डिंक विरघळतो. एवढा सुपारीसारखा टणक कोसा, पण तो तोडत नाही, कातरत नाही. धागे बाजूला सारून वाट करतो. आधी डोकं आलं, मग केसाळ पाय, मग ओला चुरगळलेला गोळा. मला तर वाटलं, अपंगच दिसतोय बिचारा. तो सरपटत माळेवर चढला आणि लोंबकळत राहिला. आणि हळूहळू ते पंख खाली उतरू लागले, निऱ्या सुटाव्यात तसे. तासाभरात पंख पसरून पुरे झाले.

किती मोठे म्हणाल? पंधरा ते अठरा सेंटिमीटर, म्हणजे वितीला थोडेच कमी. ही मादी होती, हळदीसारखी पिवळी. काही राखाडीही असतात. नर विटकरी तपकिरी आणि जरा लहान. त्याच्या मिशा मात्र पिसासारख्या रुंद, दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या फणीगत. चारही पंखांवर एकेक डोळा. डोळा म्हणजे काय, तर गोल ठिपका, त्याभोवती रंगीत वलयं, आणि मध्ये चक्क खिडकी! तिथे पंखावर रंगाची भुकटीच नसते, अभ्रकासारखं आरपार दिसतं. पाखरांना बिचकवायला हे डोळे कामी येतात.

“हिला खायला काय देता?” मी आपलं बायकी कुतूहलाने विचारलं.

“काईच नाई. तिले तोंडच नाई,” मावशी म्हणाल्या.

हे अगदी शब्दशः खरं आहे. या पतंगाला खाण्याजोगं तोंड नसतं. त्या महिनाभरात जे खाऊन ठेवलं, तीच शिदोरी. आठवडाभर, फार तर दहा दिवस जगायचं ते तेवढ्यावर. मादी बहुधा जागची हलतही नाही. रात्री ती आपला गंध सोडते आणि नर त्या पिसासारख्या मिशांनी तो लांबून ओळखून येतो. दोघं सकाळपर्यंत जोडीने बसतात. मग मादी दोनतीन दिवसांत दीडशे ते अडीचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत ती फुटतात आणि पुन्हा तोच फेरा. वर्षात दोन किंवा तीन पिकं होतात. शेवटच्या पिकाचा कोसा मात्र उघडत नाही. थंडी आणि उन्हाळा, जवळजवळ सहा महिने, आतला जीव झोपून राहतो. मृगाच्या पावसाने हवा ओली झाली की जागा होतो. त्याला पंचांग कोण दाखवतं कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट पाहिली, ती मनातून जात नाही. अंडी घालणाऱ्या माद्या वेगवेगळ्या भांड्यांत ठेवल्या होत्या. फडफडू नयेत म्हणून त्यांचे पंख कातरलेले. अंडी घालून झाली की मादीला चुरडून तिचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेब्रिन नावाचा एक रोग आईकडून अंड्यांत उतरतो. आईत तो सापडला तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, नाही तर अख्खं रान रोगट होतं. ही तपासणी लुई पाश्चरने शोधली. १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समधला रेशीमधंदा या रोगाने बुडत चालला होता, तेव्हा. आपण ज्याच्या नावाने दूध ‘पाश्चराइज्ड’ म्हणतो, तोच हा पाश्चर. तपासून घेतलेल्या अंड्यांना इथे अंडीपुंज म्हणतात, आणि पाळणारे त्यावर विश्वासून पीक घेतात.

म्हणजे लेकीचा हिशेब अपुराच होता. मी तिला काय सांगणार होते, की ज्यांना उडू देतात त्यांचंही असं होतं?

आणि बाकीचे कोसे? तेही पाहिलं. पतंग बाहेर पडला की लांब धागा निघत नाही, म्हणून आतला जीव उन्हात किंवा वाफेने मारतात. मग सोड्याच्या पाण्यात कोसे शिजवतात, कारण तो चिवट डिंक साध्या पाण्याला दाद देत नाही. मऊ झालेल्या पाचसात कोशांची टोकं एकत्र धरून सूत काढायचं. हे काम बायकांचं. पूर्वी त्या मांडी उघडी टाकून तिच्यावर सूत वळायच्या. रोजरोज घासून कातडी सोलवटायची. आता ठिकठिकाणी यंत्रं आली आहेत. माझ्या एका साडीत असे शेकड्यांनी कोसे आहेत. हे मी मुद्दाम लिहितेय. लपवून काय उपयोग?

फुटलेले कोसेही वाया जात नाहीत बरं. ते पिंजून, कातून जाडंभरडं सूत काढतात, त्याला घिच्चा म्हणतात. त्याचं कापड जरा खडबडीत आणि गाठीगाठीचं असतं, पण टिकाऊ आणि उबदार.

निघताना मावशींना लेकीचाच प्रश्न विचारला. म्हटलं, “इतकं पोटच्या पोरासारखं जपता आणि शेवटी उकळता. वाईट नाही वाटत?”

त्या माळा ओवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “वाटते ना बाई. पन समदे उडू देल्ले तं घरी काय शिजवू? अन्‌ समदे उकडले तं पुढच्या साली झाडावर काय सोडू?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आमी येन तोडत नाई, कोनाले तोडू बी देत नाई. येन गेला तं पाखरू गेलं, अन्‌ आमीबी.”

परत येताना गाडीत मी हेच घोळवत होते. मावशींचं उत्तर म्हणजे माझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तिच्यात आणि माझ्यात एक फरक होता. मला सोवळं म्हणजे काहीच न शिवलेलं वाटायचं, आणि मावशींना आपला हात कशाकशाला लागलाय ते पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं. तिला पटवायचं असं काही मनात ठेवलं नाही. द्रोण सांगितले, वाघ सांगितला, पंखावरची खिडकी सांगितली, शिजवणंही सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली, “त्या पिवळ्या मादीचं काय झालं?” मी तेही सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “नवी साडी घेऊ नकोस आई. आजीची आहे ना, तीच नेसेन. ती तर होऊन गेलेली आहे.” आणि मी आणलेली घिच्च्याची ओढणी तिने स्वतःच्या बॅगेत ठेवली.

मी मात्र पुढेही कोसा घेईन, असं वाटतं. मावशींचं घर आणि ते येनाचं रान त्यावर उभं आहे. फक्त आता दुकानदारापुढे पन्नास साड्या उलगडायला लावून हात हलवत परत येणं जमायचं नाही.

जाता जाता थोडं उपयोगाचं सांगते.

जायचं असेल तर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात जा. तेव्हा झाडावर किडे असतात आणि बीजगृहात पतंग. शासनाच्या रेशीम विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. वैनगंगेला पूर आला की रस्ते बंद होतात, तेव्हा नदीची चौकशी करूनच निघा. रानात एकट्यादुकट्याने मुळीच शिरू नका, गावची माणसं बरोबर हवीतच. वेळ असेल तर जवळच वैरागडचा जुना किल्लाही पाहून होतो. विणकाम पाहायचं असेल तर भंडारा जिल्ह्यात आंधळगावला करवतकाठीचे माग आहेत.

साडी घेताना ‘सिल्क मार्क’ची खूण पाहून घ्या. घरातल्या जुन्या साडीची शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर खरं रेशीम. वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम धागा.

साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या मलमलमध्ये ठेवा. तीनचार महिन्यांनी घडी मोडून उलटी घाला, नाही तर घडीवर विरते. उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. अत्तर, सेंट थेट तिच्यावर नको. डांबराच्या गोळ्या घालायच्याच तर फडक्यात बांधून, साडीला न टेकवता. एका पतंगाने विणलेलं दुसऱ्या पतंगाने खाऊ नये, एवढं तरी आपण बघायला हवं, नाही का?